तपाचं बिल कोण भरतंय?

आजचं वाचन : गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९.

मागच्या वेळी आपण याच अध्यायातला आहाराचा भाग बघितला. आज तप. खरं सांगतो, हे सहा श्लोक येणार म्हणून मी आठवडाभर आधीपासून खूश होतो. मला वाटत होतं की या विषयावर बोलायचा मला थोडा तरी अधिकार आहे. जो माणूस आठवड्यातले सहा दिवस पहाटे साडेचारला उठतो, थंडीत पूलमध्ये उडी मारतो आणि उन्हात घाट चढतो, त्याने तपावर नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

मग श्लोक नीट वाचले आणि तोंड बंद झालं. का बंद झालं ते आज लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मी हाफ आयर्नमॅनची तयारी करतोय. आधी १.९ किलोमीटर पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की ९० किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी, सलग, साडेआठ तासांच्या आत. बेरीज ११३ किलोमीटर. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ही स्पर्धा २०१९ साली सुरू झाली, आणि पुण्या-मुंबईतले आमच्यासारखे कितीतरी लॅपटॉपवाले तिच्यासाठी वर्षभर घाम गाळत असतात.

माझी सुरुवात हौसेने झाली नव्हती. तेहतिसाव्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये शुगर काठावर निघाली. बाबांना चाळिशीत डायबेटीस झाला होता आणि त्यांची शेवटची वर्षं मी जवळून बघितली आहेत. रिपोर्ट हातात घेऊन पार्किंगमध्ये बराच वेळ बसून होतो. दुसऱ्या दिवशी चालायला लागलो. चालण्याचं पळणं झालं, पळण्यात सायकल आली आणि शेवटी पाणी आलं.

पाण्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्या दिवशी २५ मीटरचा पूल एका दमात पार झाला नाही. सर काठावरून म्हणाले, "पाण्याशी मारामारी करताय तुम्ही. आधी श्वास सोडायला शिका." घ्यायला नाही, सोडायला! तोंड पाण्यात असताना हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं. छाती रिकामी झाली की मान वळवल्यावर श्वास आपोआप आत येतो. सोडलाच नाही तर घ्यायला जागाच उरत नाही. हे एवढं कळायला मला दोन महिने लागले. आज त्याच पूलमध्ये ७६ फेऱ्या मारतो, म्हणजे १.९ किलोमीटर होतात.

पळण्याचंही तसंच. नवीन माणसाला वाटतं रोज जीव तोडून पळायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक पळणं इतकं सावकाश करायचं असतं की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वेताळ टेकडीवर सत्तरीचे आजोबा आपल्या पुढे निघून जातात आणि आपण घड्याळातले हृदयाचे ठोके बघत, अहंकार गिळत, मागे राहायचं. मग एखाद्या सकाळी असं होतं की पावलांना लय सापडते, श्वासावर नाम आपोआप चढतं आणि तासभर डोक्यात दुसरं काहीच नसतं. ना स्प्रिंट, ना डेडलाइन, ना ईएमआय. ते सुख खोटं नव्हतं. आजही खोटं वाटत नाही. म्हणूनच मी या सगळ्याला मनातल्या मनात तप म्हणायला लागलो होतो.

आता श्लोक बघू.

भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात : शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. शरीराच्या तपाच्या यादीत मी घाट, थंड पाणी, उपवास, जागरण असं काहीतरी शोधत होतो. यातलं एकही नाही. तिथे आहे देव, गुरू आणि जाणत्या माणसांचा मान राखणं, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. म्हणजे शरीराने किती सोसलं याचा हिशोब नाही, शरीर दुसऱ्याशी कसं वागलं याचा आहे. वाणीच्या तपात असं बोलणं आहे, की ज्याने ऐकणाऱ्याच्या मनाला धक्का लागणार नाही, जे खरं असेल, गोड असेल आणि त्याच्या भल्याचंही असेल. मनाच्या तपात प्रसन्नपणा, सौम्यपणा, मौन, स्वतःला आवरणं आणि आतून स्वच्छ असणं.

त्यानंतर प्रत्येक तपाच्या तीन प्रती लावल्या आहेत. फळावर डोळा न ठेवता श्रद्धेने केलेलं ते सात्त्विक. लोकांनी वाहवा करावी, मान द्यावा म्हणून केलेलं ते राजस, आणि ते टिकत नाही. हट्टाने स्वतःला पिळून किंवा दुसऱ्याचं नुकसान करण्यासाठी केलेलं ते तामस.

मी स्वतःला यात बसवून बघितलं.

राजस? यात वादच नाही. या खेळाचा जन्मच "भारी कोण?" या वादातून झालाय. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, ती पोहणारे, सायकलवाले आणि पळणारे यांच्यात जास्त तंदुरुस्त कोण, या वादाचा निकाल लावण्यासाठी. १५ जण निघाले, १२ जण पोचले. आमच्या ग्रुपवर हा वाद अजून चालू आहे, फक्त आता तो अ‍ॅपवर चालतो. राईड संपली की आकडे आपोआप वर चढतात आणि मग कोणी कोणी अंगठा दिला ते आपण दर पाच मिनिटांनी बघतो. अंगठे कमी आले की केलेली राईडही कमी वाटते. राजस तप टिकत नाही म्हणतात ते काय, हे मला त्या अंगठ्यांवरून कळलं.

तामस? तेही करून झालंय. गेल्या वर्षी पावसाळ्यात नडगी दुखायला लागली. डॉक्टरांनी सहा आठवडे पळू नका म्हणून सांगितलं. चौथ्या आठवड्यात मी गोळी घेऊन पळलो, कारण कॅलेंडरवरच्या हिरव्या चौकोनांची रांग तुटत होती. खरंतर व्यायामाचं साधं गणित आहे की शरीर ताण देताना बळकट होत नाही, ताणानंतरच्या विश्रांतीत होतं. ताणात फक्त मोडतोड होते, बांधकाम झोपेत चालतं. हे मला पाठ होतं, लोकांना समजावूनही सांगायचो. तरी पळलो. याच अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत दंभाने आणि अहंकाराने घोर तप करणाऱ्यांबद्दल बोलतात. असे लोक शरीराला तर छळतातच, त्या शरीरात राहणाऱ्या मलाही छळतात, असा तिथला भाव आहे. नडगी दाबत हे वाचताना अंगावर काटा आला होता.

पण हे दोन्ही माझे माझ्यापुरते गुन्हे. पाय माझा, अहंकार माझा. खरी गोष्ट पुढे आहे.

फेब्रुवारीतला शनिवार. बायकोला संध्याकाळपासून ताप होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपची लांब राईड ठरलेली. कात्रजचा जुना घाट चढून शिरवळपर्यंत आणि परत, शंभरेक किलोमीटर. रात्री मी दारात उभा राहून विचारलं, "उद्या जाऊ ना?"

ती म्हणाली, "जा."

मी सॉफ्टवेअरवाला. समोरून २०० ओके आला, मी पुढे निघालो. रिस्पॉन्समध्ये अजून काय लिहिलंय ते उघडून बघितलंच नाही. "जा" म्हणताना तिने डोळे उघडले नव्हते. तिच्या आवाजात ना राग होता ना होकार. "नको जाऊ म्हटलं तर तू थांबशील, पण दिवसभर तोंड पाडून बसशील, ते बघायची आज ताकद नाही," एवढं सगळं त्या एका अक्षरात होतं. आज मला ते स्पष्ट ऐकू येतं. त्या रात्री मला फक्त परवानगी ऐकू आली.

राईड मस्त झाली. शिरवळला पोहे, चहा, फोटो. फोन जर्सीच्या मागच्या खिशात, सायलेंटवर. अकराच्या सुमाराला सोसायटीत शिरलो, आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या अ‍ॅपवर राईडला नाव दिलं : "रविवारची तपश्चर्या". मग चार मिस्ड कॉल दिसले.

दार शेजारच्या काकूंनी उघडलं. झालं होतं असं की सकाळी आईला उठवत नाही बघून आमची चार वर्षांची लेक तिच्यासाठी पाणी आणायला गेली. काचेचा ग्लास हातातून सुटला आणि तळपायाला काच लागली. फार नाही, काकूंनी पट्टी बांधली होती. पण फरशी पुसल्यावरही उंबऱ्याजवळ रक्ताचा एक डाग राहिला होता. बायको १०२ तापात लेकीला मांडीवर घेऊन बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झाली राईड?"

मी म्हणालो, "हो. अ‍ॅव्हरेज सव्वीस आलं."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वाणीच्या तपाच्या कसोट्या लावून बघा. वाक्य खरं होतं, आकडा अचूक होता. पण ऐकणाऱ्याच्या मनाला धक्का? गोडवा? तिचं भलं? चारपैकी एक. इंजिनिअरिंगमध्येही एवढ्यावर कोणी पास केलं नसतं.

ती काही बोलली नाही. थर्मामीटर कुठे ठेवलाय म्हणून मी आतल्या खोलीत शोधायला गेलो. त्या खोलीत माझा सायकल ट्रेनर आहे. पावसाळ्यात घरातल्या घरात सायकल चालवायला घेतलेला. त्याच्या मागे कोपऱ्यात, गवसणीत, तिचा तानपुरा. लग्नाआधी तिच्या वडिलांनी मिरजेहून आणलेला. तिचं विशारद झालंय. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी रोज तिच्या रियाजाच्या आवाजाने जागा व्हायचो. मग लेक झाली, मग माझी शुगर निघाली, मग माझं ट्रेनिंग सुरू झालं. तानपुऱ्याच्या वरच्या टोकाला माझी आदल्या दिवशीची घामाची जर्सी वाळत होती. मीच टाकली होती. रोजच टाकत असणार. मला ती खुंटीसारखी जागा सोयीची वाटली असणार.

मी गवसणी काढून बघितली. एक तार तुटलेली होती. कधी तुटली, कोणालाच माहीत नव्हतं.

तिथे उभं असताना पहिल्यांदा तो प्रश्न नीट समोर आला, जो आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. माझ्या पहाटे साडेचार ते सातच्या वेळात लेकीला उठवणं, दूध, वेण्या, डबा, बस हे सगळं कोणीतरी करतच होतं. म्हणजे ते अडीच तास मी स्वतः कमावलेले नव्हतेच. ते कोणाच्या तरी खात्यातून येत होते. पहाटेची वेळ रियाजाचीही असते. मी पूलमध्ये ७६ फेऱ्या मारून "आज स्वतःला जिंकलं" म्हणत घरी यायचो, तेव्हा त्या फेऱ्यांचं बिल एका न लागलेल्या षड्जाने भरलेलं असायचं. आमच्या कामात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज शॉर्टकट मी घेतो, फीचर माझ्या नावावर लागतं, आणि व्याज दुसरा कोणीतरी भरत राहतो.

तामस तपाच्या व्याख्येत दुसऱ्याचं वाईट करण्याचा उल्लेख आहे. मी लगेच वकिली केली : माझा हेतू तसा नव्हता! खरं आहे, नव्हता. पण शरीराच्या तपात अहिंसा आहे, आणि "मला दिसलंच नाही" हे अहिंसेचं उत्तर होऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी मी मोठा त्याग जाहीर केला. "मी रेस कॅन्सल करतो. सायकल विकून टाकतो."

मला वाटलं होतं ती म्हणेल, अरे नको. ती भडकली. "म्हणजे आयुष्यभर मी ऐकायचं, की माझ्यामुळे तुझी रेस राहिली? तू केलंस तरी माझ्या जिवावर, आणि सोडलंस तरी माझ्या नावावर?"

"मग काय करू?"

"आधी ती जर्सी काढ तिथून."

पुढच्याच, अठराव्या अध्यायात त्यागाचेही असेच तीन प्रकार येतात. ओझं वाटतं, त्रास होतो म्हणून सोडलं तर तो राजस त्याग, आणि त्याचं फळ मिळत नाही. मला त्या दिवशी अपराधीपणाचा त्रास होत होता आणि तो थांबवण्यासाठी मी सायकल विकायला निघालो होतो. त्यात तिच्यासाठी काहीच नव्हतं. सायकल विकून तानपुऱ्याची तार जोडली जात नाही.

मग आम्ही बसून ठरवलं. मंगळवार आणि गुरुवार सकाळ तिची. पावणेसहा ते सात, दार बंद. लेक, डबा, बस माझ्याकडे. एक रविवार माझ्या लांब राईडचा, पुढचा रविवार नाही. तानपुऱ्याला नव्या तारा घालून, जवारी लावून आणला. ट्रेनर बाल्कनीत गेला.

इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? चूक कळली, सुधारली, हरी विठ्ठल. पण चिंतनाच्या ब्लॉगवर खोटं लिहायचं नाही, म्हणून सांगतो. पुढचे चार महिने मी ते "मदत" म्हणून करत होतो. ग्रुपमध्ये सांगायचो, "मंगळवारी नाही जमणार, बायकोला वेळ देतोय." देतोय! जणू वेळ माझ्या मालकीचा होता आणि मी त्यातला दान करत होतो. तिकडेही मला अंगठे हवे होते, आणि मिळतही होते. "ग्रेट यार, फॅमिली मॅन." राजस तप एका दारातून हाकललं तर दुसऱ्या दारातून आत आलं, तेही डबा घेऊन.

हे सुटलं ज्येष्ठात, दिवे घाटात.

दिवे घाट आम्हा सायकलवाल्यांना पाठ आहे. वडकीपासून चढ सुरू होतो, खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि माथ्यावर पोचलं की सगळे आधी घड्याळ बघतात. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती याच घाटाने. सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा, वाटेतल्या सगळ्यात मोठ्या टप्प्यांपैकी एक. आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण दरवर्षी तेवढा एक दिवस चालतो. यंदा घाटात माझ्या शेजारी एक आजी होत्या, परभणीकडच्या. डोक्यावर तुळस, पायात साध्या स्लीपर. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, "किती वाजले रे माउली?"

माझं घड्याळ तेव्हा हृदयाचे ठोके, चढाचा कोन आणि प्रतिकिलोमीटर वेग दाखवत होतं. वेळ दिसायला दोन बटणं दाबावी लागली. आजी हसल्या. "येवढं मोठं घड्याळ, अन् टाइम दावंना?"

बोलत चाललो. मी विचारलं, रोज किती किलोमीटर होतात? म्हणाल्या, "मोजत न्हाई बाबा. मुक्काम आला की बसायचं." मग मी विचारलं, घरी कोण असतं?

"घर सुनंनं धरलंय. लेकरं, जनावरं, समदं. मागल्या साली ती आल्ती, मी घरी व्हते. औंदा माझा नंबर. पुढल्या साली पुन्हा तिचा." दोन पावलं चालून पुन्हा म्हणाल्या, "ही अर्धी वारी तिचीच की. तिनं घर धरलं म्हून माझे पाय निघाले."

बस. कुठलंही प्रवचन नाही. फोटो काढायला पुढे कोणीतरी थांबलं, गर्दी मध्ये आली आणि आजी दिसेनाशा झाल्या.

माथ्यावर यंदा मी वेळ बघितली नाही. आजींच्या मुद्द्यातच अडकलो होतो. आजी सुनेला वारीला पाठवून तिच्यावर उपकार करत नव्हत्या. सून घर धरून आजींना मदत करत नव्हती. नंबर होता. दोघींचा. आणि चालताना आजींना पक्कं ठाऊक होतं की या पायांमागे घरी कोण आहे. त्या दर पावलाला ते कबूल करत होत्या. माझ्याकडे पूर्ण ट्रेनिंग प्लॅन होता, आठवडा-आठवड्याचा, पण त्यात "नंबर" नावाचा रकानाच नव्हता.

आता तुमच्यातले काही विचारतील, आणि रास्त विचारतील : मग माणसाने स्वतःसाठी काहीच करायचं नाही का? घरातल्या प्रत्येकाची सोय लागेपर्यंत थांबायचं तर कोणाचं तप कधी सुरूच होणार नाही. शरीर जपणं हाही धर्मच आहे. माझी शुगर आज नॉर्मल आहे, त्याचा फायदा घरालाच आहे. हे सगळं खरं आहे. आणि कोणाच्याही आधाराशिवाय उभं राहिलेलं तप मी तरी ऐकलेलं नाही. अरण्यातल्या तपस्व्यालाही भिक्षा कोणीतरी वाढतच होतं. म्हणून आधार घेणं हे पाप नाही. आधार आहे हेच विसरणं, आणि त्यावर उभं राहून "बघा, मी किती सोसतो" म्हणणं, इथे तपाचा दंभ होतो. आणि ज्या घरात एकाच माणसाचा नंबर सारखा येतो आणि दुसऱ्याचा कधीच येत नाही, तिथे पहिल्याचं तप कितीही खडतर असलं तरी माझ्या मते त्याला तप म्हणता येणार नाही. ती वापरलेली सवलत आहे.

ज्याचा नंबर येत नाही तो बहुतेक वेळा मागतही नाही. तो "जा" म्हणतो. म्हणून विचारायची जबाबदारी जाणाऱ्याची आहे, आणि उत्तर पूर्ण ऐकायचीही.

आता मंगळवार-गुरुवारबद्दल. दोन वेण्या घालणं हे मला कुठल्याही चढापेक्षा कठीण गेलं. भांग सरळ पडत नाही, आणि एक वेणी नेहमी कानाच्या वर जाते. सहा चाळीसला बस खाली येणार असते आणि आमच्या लेकीला तेव्हाच ठरवायचं असतं की आज मोजे घालायचे नाहीत. बंद दाराआडून तानपुरा ऐकू येत असतो. इथे आवाज चढला तर तिकडचा सूर जाणार. अशा वेळी दात न खाता, हळू आवाजात, खरं आणि गोड बोलून मोजे घालायला लावणं. वाणीचं तप म्हणतात ते हे असावं. शंभर किलोमीटरच्या राईडला मी तयार असतो, या वीस मिनिटांना अजूनही नसतो. दोनदा ओरडलो आहे. दोन्ही वेळा आतला तानपुरा थांबला होता. आणि हे कुठल्याही अ‍ॅपवर चढत नाही. कोणी बघत नसताना, आकडा नसताना ते करायला मन तयार होतं का, यावरून मी आता स्वतःला तपासतो. सात्त्विक झालोय असं म्हणत नाही. पण कुठे नाही आहे ते समजतंय.

रेसला सहा-सात आठवडे राहिलेत. लांब राईड कमी झाल्यामुळे माझा वेग उतरलाय, आणि साडेआठ तासांच्या आत पोचेन की नाही हे मला खरंच सांगता येत नाही. आधी हे वाक्य लिहिताना हात थरथरला असता.

आणि एक गोष्ट, जी गोड करून सांगता येणार नाही. तिची पाच वर्षं गेली. वरचा षड्ज अजून पूर्वीसारखा लागत नाही, ती मध्येच थांबते, पुन्हा लावते. ती म्हणते येईल. मी वेणी घालता घालता ते ऐकतो. माझ्या नडगीला डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. याला किती, ते कोणी सांगितलेलं नाही.

त्या फेब्रुवारीतल्या राईडचं नाव मी अजून बदललेलं नाही. "रविवारची तपश्चर्या", ४३ अंगठे. मुद्दाम तसंच ठेवलंय, अधूनमधून बघतो.

आजचा गृहपाठ छोटा आहे. तुम्ही पहाटे पळत असाल, जिमला जात असाल, पारायणाला बसत असाल, यूपीएससीचा अभ्यास करत असाल, किंवा रोज तासभर ध्यान करत असाल. आज ते करायच्या आधी एक मिनिट थांबा आणि मनात नाव घ्या, त्या वेळात तुमचं घर कोण धरून आहे त्याचं. आई असेल, बायको असेल, नवरा असेल, रूममेट असेल, सकाळी सहाला येणाऱ्या मावशी असतील. मग संध्याकाळी त्या माणसाला विचारा : तुझा नंबर कधी?

आणि समोरून "जाऊ दे रे, चालतंय" असं आलं, तर तेवढ्यावर निघू नका. पुन्हा विचारा.

उद्या श्लोक २० पासून, दान.

राम कृष्ण हरी.